बिनटोपीच्या गाडीतलं गाणं

कापलेल्या धानाचा वास आला की माझे कान टवकारतात. त्या वासानं कुणाला भूक लागते, कुणाला सण आठवतो, कुणाला माहेर. मलाही माहेरच आठवतं, पण माहेराच्या आधी लागणारं रेल्वेचं फाटक आठवतं आणि भीती वाटते. कार्तिक लागला, धानाच्या बांध्यांतलं पाणी आटलं, विळे पाजवून बाया शेतात उतरल्या, की ही भीती ठरल्यासारखी येते. नवरा म्हणतो, तुला भ्यायला निमित्त लागत नाही. खरंच आहे ते. मी जन्माचीच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, दुपारच्या वेळी दाराची कडी वाजली तरी दचकते. पण या एका भीतीबद्दल मी कुणाची थट्टा ऐकून घेत नाही. बाकीची भीती मला जन्मानं मिळाली, ही मी कमावली आहे.

आमचं घर नवेगाव बांधच्या अलीकडं एका लहान गावात, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून बाबांची धानाची गिरणी. हंगामात सकाळी पट्टा फिरायला लागला की घरातली भांडी फळीवर थरथरायची. कोंड्याची धूळ चहाच्या कपात येऊन बसायची. आणि बोलणं म्हणजे ओरडणंच. 'मीठ दे' हे आई अशा आवाजात म्हणायची की रस्त्यानं जाणारा माणूस थबकावा. नवे पाहुणे घाबरून विचारत, काही भांडण चाललंय का? आम्ही म्हणायचो, नाही, जेवण चाललंय. गिरणी बंद असली तरी आमचे आवाज खाली येत नसत, सवयच तशी. शिकायला गोंदियाला आले तेव्हा होस्टेलच्या मुली मला हळू बोलायला शिकवायच्या. अशा घरात कुणाचे कान गेले तर ते कळणार कसं? सगळेच ओरडत होते, त्यामुळे सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

त्याच अंगणात, कोंड्याच्या ढिगापासून जरा दूर, गाडी उभी असायची. आजोबांनी ती गोंदियाच्या एका बिडीवाल्या शेठकडून घेतली होती. शेठ तिच्या दुरुस्त्यांना कंटाळला होता, आणि आजोबांना कंटाळा हा शब्दच माहीत नव्हता. लांब नाक, गोल दिवे, आणि छत कापडाचं, मागं दुमडून ठेवायचं. गावानं तिला नाव ठेवलं बिनटोपीची गाडी. आजोबा मात्र टोपीशिवाय कधी गाडीत बसले नाहीत, म्हणून लोक म्हणायचे, बुढ्यानं गाडीची टोपी पळवून आपल्या डोक्यावर घातली. पंचक्रोशीतला नवरदेव हिच्यातूनच मिरवायचा. नवऱ्या मुलाचं नाक कसंही असो, गाडीचं नाक बघून पोरीकडची मंडळी खूश व्हायची.

आणि फाटक. त्याला फाटक म्हणायचं एवढंच, आडवा दांडा नाही, माणूस नाही, नुसती पाटी. गावाकडे येणारा कच्चा रस्ता तिथं रूळ ओलांडतो आणि दोन्ही बाजूंना वळणावर बांबूची बेटं. दिसत काहीच नाही. आजोबांनी बाबांना गाडी शिकवली तेव्हा आधी हे फाटक शिकवलं होतं. छत मागं टाकायचं, इंजिन बंद करायचं, कान द्यायचा, मगच जायचं. पाऊस असला तरी फाटकापाशी छत मागं. बंद गाडीवाले मान वाकडी करून काचेतून बघत बसायचे, आणि आजोबा म्हणायचे, डोळ्याला बांबू आडवा येतो, कानाला येत नाही. तेव्हा छोटी रेल्वे होती. ती इतक्या सावकाश यायची की तिच्यातून उतरून बोरं तोडावीत आणि पुन्हा चढावं. मग रूळ उखडले, रुंद रूळ टाकले, मोठी रेल्वे आली. तिला बोरांशी देणंघेणं नव्हतं. आमच्या घरची रीत मात्र तीच राहिली.

मी सांगते तो कार्तिक आजोबा गेल्यानंतरचा पहिला. कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती. गाडीच्या डॅशबोर्डवर रेडिओची रिकामी खोबण होती, आई तिच्यात सुपारीची डबी ठेवायची. बाबांनी एक दिवस ती डबी काढून आईच्या हातात दिली.

"येथी आता गानं बसवाचं."

"कायले?" आई ओरडली. रागानं नाही, नेहमीसारखीच.

कशाला ते बाबांनी आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. गावच्या भजनी मंडळाची एक कॅसेट होती, कुणीतरी कधीतरी देवळात भरलेली. तिच्यात आजोबा झांज वाजवत होते. बाबा ती रोज घरच्या टेपवर लावत, कान जवळ नेत आणि बटण बंद करत. "टेप खराब झाला वो शालू," ते म्हणाले. "बुवाचं गानं येते, मृदंग येते, माह्या बापाची झांजच नाही येत. चांगली मशीन पाह्यजे. बुढ्याची गाडी हाये, तिच्यात बुढ्याची झांज वाजली पाह्यजे."

मलाही ते पटलं. गिरणीच्या खडखडाटात मला त्या टेपवरचं काही ऐकू येत नसे, तेव्हा तो कोंड्याच्या धुळीनं खराब झाला असेल, असंच मला वाटलं.

आम्ही गोंदियाला गेलो. बाजारातल्या एका गल्लीत गाड्यांना गाणी बसवून देणाऱ्याचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे महेशभैया म्हणत. बोलायला चुरचुरीत, एका वाक्यात मराठी सुरू करून हिंदीत संपवणारा. गाडी बघून तो बाहेरच आला आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"काका, इसमें तो बड़ी दिक्कत है. छतच नाही. आवाज डब्यात राहतो, मैदानात नाही राहत. गाडी पळाली की आधा गाना हवा खा जाएगी."

बाबा म्हणाले, "मंग मोठा भोंगा लाव."

"भोंगा लावला तर बारात का बैंड हो जाएगा, काका."

मग तो समजावत बसला. बंद गाडीचं महागडं सामान उघड्या गाडीत घालणं म्हणजे पैसे उधळणं. मागं चार स्पीकर नकोत, दारात दोनच, पण जरा बरे. कागदी पडद्याचे नकोत, दवानं भिजून फाटतात, प्लास्टिकच्या पडद्याचे घ्या. मशीनचं तोंड काढून खिशात घालता येईल असं हवं, कारण या गाडीतून चोरायला दारसुद्धा उघडावं लागत नाही. आणि आवाज फार वाढवलात तर जुना डायनॅमो दम तोडेल, दिवे मंद होतील. मला हे सगळं ऐकताना मजा वाटत होती. स्वस्तात मस्त काहीतरी घेऊन, जिलेबी खाऊन घरी जायचं, एवढाच बेत होता.

भिंतीवर एका लांब फळीत स्पीकर ओळीनं बसवलेले होते. महेशभैयानं बाबांची कॅसेट घातली आणि पहिली जोडी लावली. देऊळ आलं. पेटी आली, मृदंग आला, आणि आजोबांची झांज आली, खणखणीत. वर्षभरात मी ती ऐकली नव्हती. मी डोळे पुसून बाबांकडे बघितलं. बाबा मान हलवत होते, नाही म्हणून.

"याच्यात झांज नाही."

महेशभैयानं दुसरी जोडी लावली. झांज आणखी स्वच्छ.

"याच्यात बी नाही. माह्या बापाची झांज कुठी गेली?"

महेशभैयानं एक बटण फिरवलं. आता मृदंग मागं गेला आणि झांज टोचायला लागली. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मी कानांवर हात ठेवले. बाबा फळीजवळ गेले, स्पीकरला कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तोच शोध, देवळाच्या गर्दीत हरवलेलं माणूस शोधावं तसा.

"भाऊ, तुह्याजवळ चांगला माल नाही काय?"

महेशभैयानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. त्यानं आवाज हळूच कमी केला आणि चहा मागवला.

बाबांना ऐकू येत नाही, हा विचार आला, आणि त्याला चिकटूनच फाटक आलं. गाणं वाजत असेल, मोठ्यानं वाजत असेल, आणि फाटक येईल. हे बाबांना सांगायचं होतं, पण त्यांनी आपल्या बापाची झांज नुकतीच भिंतभर शोधली होती, आणि तुमचे कान गेले हे मला तोंडातून काढता येईना. मी महेशभैयाला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, भैया, मशीन इंजिनाच्या किल्लीवर जोडा, इंजिन बंद झालं की गाणं बंद झालं पाहिजे. तो म्हणाला, समझ गया. सगळ्यात स्वस्त जोडी बाबांनी घेतली, सगळ्यांतच झांज नाही तर महाग कशाला, असं म्हणत. मला वाटलं, मी संकट टाळलं.

परतीची वाट मला आजही तुकड्या-तुकड्यानं दिसते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळे धान, कुठं कापून आडवे पाडलेले, कुठं पेंढ्यांचे पुंजणे रचलेले. डोक्यावर भारे घेतलेल्या बाया आमचं गाणं ऐकून हसत होत्या. बाबांनी आवाज पुरा वाढवला होता. वारा खरंच अर्धं गाणं खात होता. बाबा स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते, मृदंगाचा. संध्याकाळ उतरायला लागली, दिवे लावले तर ते मंद, महेशभैया म्हणाला होता तसेच. तलावाच्या बाजूनं पाखरांचा एक लांब थवा गेला. सगळं इतकं सुंदर होतं, आणि मी सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते.

कारण मुख्य रस्ता सोडून कच्च्या रस्त्याला लागलो तेव्हा ते मला उमगलं. गाण्याची भीती नव्हतीच. गाणं तर बाबा स्वतःच बंद करणार होते, इंजिन बंद करणार होते, छत मागंच होतं, रीतीप्रमाणे सगळं नीट करणार होते. भीती त्यानंतरच्या शांततेची होती. रोज ते तिथं थांबत होते, कान देत होते, काही ऐकू आलं नाही की निघत होते. आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. काच खाली न करणारा, बांबूतून डोकावून बघणारा आडमुठा ड्रायव्हर त्यांच्यापेक्षा वाचण्याची शक्यता जास्त होती. आजोबांनी शिकवलेली जपणूकच त्यांना रुळावर नेत होती.

फाटक आलं. बाबांनी इंजिन बंद केलं. भजन मध्येच तुटलं. त्यांनी टोपी जरा मागं सारली आणि मान कलती केली, आजोबा करायचे तशीच. किडे किरकिरत होते. कुठंतरी बैलांच्या गळ्यातली घंटी. आणि मग, बांबूंच्या पलीकडून, लांब, एक शिटी.

"कायच नाही," बाबा म्हणाले. "चाल."

त्यांनी किल्ली फिरवली. भजन पुन्हा सुरू झालं. मी त्यांच्या हातावर हात दाबला आणि किल्ली उलटी फिरवली.

"बाबा, रेल्वे येऊन राहिली."

"कुठी?" त्यांनी पुन्हा कान दिला. मला वाटलं, आता ऐकतील, आता तरी. शिटी आणखी जवळ आली, दुसऱ्यांदा, लांबलचक. बाबा माझ्याकडे बघून हसले. "नाही न वो माय. तू लय भेतेस."

मग बांबूंवर उजेड पडला. बाबांचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मालगाडी होती, डबेच संपत नव्हते, जमीन हादरत होती, आणि तिच्या वाऱ्यानं बाबांची टोपी उडून मागं कुठंतरी गेली. शेवटचा डबा गेला तरी ते टोपी आणायला उतरले नाहीत.

"तुले कधीपासून आयकू येत होती?"

"तुम्ही इंजिन बंद केलं तेव्हापासून."

ते रुळांकडे बघत होते. मग म्हणाले, "काल मी एकटाच आलतो." थोड्या वेळानं म्हणाले, "परवा तुह्या मायले घेऊन आलो." मग त्यांच्या ओठांची नुसती हालचाल होत राहिली. ज्या ज्या वेळी ते इथं थांबले, कान दिला आणि निघाले, त्या सगळ्या वेळा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. कुणाकुणाला घेऊन. कितीतरी नवरदेव. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाला भ्यायलेलं बघितलं, आणि ते बघण्याइतकी वाईट भीती मला नंतर कधी वाटली नाही.

टोपी मीच उतरून शोधून आणली. तोवर बाबा शेजारच्या सीटवर सरकले होते. "चालव," म्हणाले. मला गाडी फक्त अंगणात फिरवता यायची. धक्के खात, बंद पाडत मी ती घरापर्यंत नेली. आईनं टोपीला लागलेली माती बघून ओरडून विचारलं, काय झालं? बाबा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "माहे कान गेले."

त्या हंगामानंतर मी असले तरच गाडी निघायची. मी कॉलेजला असताना, पुढं सासरी असताना, ती ताडपत्रीखाली झोपलेली असायची आणि बाबा बसनं फिरायचे. कान तपासले, डॉक्टर म्हणाले गिरणीच्या आवाजानं गेले, ऐकायचं यंत्र आलं, ते कानात शीळ घालतं म्हणून डबीत गेलं. धान कापायच्या दिवसांत मी माहेरी गेले की आमची एक फेरी ठरलेली. फाटकापाशी मी इंजिन बंद करायची, भजन तुटायचं, मी कान द्यायची. बाबा मात्र आता कान देत नसत. ते माझ्या तोंडाकडे बघत. तोंडावर काही नसलं की मानेनं म्हणत, चाल.

अडचण एवढीच होती की माझ्या तोंडावर भीती कायमच असते. पहिल्या वर्षी आम्ही तिथं इतका वेळ बसलो की मागून आलेला बैलगाडीवाला आम्हाला ओलांडून घरी पोचला. बाबा वैतागून म्हणाले, "तुह्या तोंडावर तं रोजच रेल्वे येऊन राहते!" मग मी चेहरा सपाट ठेवायला शिकले. बाबा मात्र निर्धास्त झाले. त्यांची सगळी भीती त्या संध्याकाळी माझ्याकडे सरकली होती, सीटवरून ते सरकले तशी. माझ्या एका मान हलवण्यावर त्यांचा जीव होता, आणि ते खुशाल सुपारी कातरत बसत.

अलीकडं ते फाटक बंद झालं. रुळांखालून रस्ता काढला आहे, पावसाळ्यात त्यात तलाव होतो, पण शिटीसाठी थांबावं लागत नाही. आता सांगते ते त्याच्या आधीच्या कार्तिकातलं, आमच्या त्या फाटकावरच्या शेवटच्या फेरीचं.

माझी मुलगी बाबांच्या मांडीवर होती, नुकतीच शाळेत जायला लागलेली. शेतांत आता विळ्यांऐवजी हार्वेस्टर चालत होतं, लांबवर त्याची घरघर. वास तोच. भजन तेच, झांज तीच, आणि बाबांना ती माझ्या लेकीनं मांडीवर टाळी देऊन दाखवायची, हा त्यांचा नवा खेळ. अंधारून आलं होतं. फाटकापाशी मी इंजिन बंद केलं. कान दिला. हार्वेस्टर, वारा. आणखी कान दिला. कुठं काही नव्हतं. मी माझा सपाट चेहरा बाबांकडे वळवला आणि मान हलवली, काही नाही म्हणून.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते मांडीवरच्या पोरीकडे बघत होते. तिची टाळी थांबली होती आणि मान कलती झाली होती.

मी किल्लीला हात घातला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब वो माय," ते म्हणाले. "इच्या तोंडावर रेल्वे हाये."

मी पुन्हा कान दिला. हार्वेस्टर, वारा. मी त्या गिरणीच्या भिंतीला लागून लहानाची मोठी झाले होते. मग बांबूंवर उजेड पडला.